टाच आली, जमीन परत कधी?

मालक लिस्बनला किंवा मुंबईला, घर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, दाराला कुलूप. इकडे कुणीतरी पोर्तुगीज काळातले म्हणून बनावट विक्रीपत्र उभे करतो, त्यावर म्युटेशन म्हणजे फेरफार नोंद होते, सातबाऱ्यासारख्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नवे नाव चढते आणि जमीन तिसऱ्यालाच विकली जाते. जून २०२२ मध्ये राज्य सरकारने अशा प्रकरणांसाठी विशेष तपास पथक (एसआयटी) नेमले, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग आला, ईडीने काही जमिनींवर टाचही आणली. ही जमीन मूळ मालकाला कधी मिळणार, हे मात्र पटकन सांगता येत नाही. जप्तीचे आपले जुने कायदे त्यासाठी झालेच नव्हते.

१९४४ चा फौजदारी कायदा दुरुस्ती अध्यादेश आला तो लाचखोरी आणि सरकारी पैशाची अफरातफर यांच्यासाठी. आरोपीने माल विकू किंवा लपवू नये म्हणून जिल्हा न्यायाधीशाने आधीच टाच आणायची, गुन्हा शाबीत झाला की जप्ती. युद्धकाळातल्या खास तरतुदीमुळे अध्यादेशाची सहा महिन्यांची मुदत उठली आणि तो आजही लागू आहे.

पुढचा टप्पा तस्करीचा. पोर्तुगीज अमलात गोव्यातून भारतात चोरून सोने जाई, मुक्तीनंतरही किनाऱ्यावरची तस्करी थांबली नाही. आणीबाणीत, १९७६ साली, तस्करांची मालमत्ता जप्त करणारा साफेमा कायदा आला. तस्करच नव्हे, त्याचे नातेवाईक आणि साथीदारही त्यात आले आणि मालमत्ता सचोटीची आहे हे दाखवण्याचा भार धारकावर पडला. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी हा कायदा उचलून धरला. १९८९ मध्ये हाच साचा अमली पदार्थविरोधी कायद्यात आला.

मनी लाँड्रिंगविरोधी कायदा २००२ चा, पण लागू झाला १ जुलै २००५ ला. ईडीची तात्पुरती टाच १८० दिवस टिकते, पुढे न्यायनिर्णय प्राधिकरणाने ती कायम करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ जुलै २०२२ च्या निकालाने ईडीचे बहुतेक अधिकार शाबूत ठेवले, मात्र मूळ गुन्ह्यातून माणूस निर्दोष सुटला तर मनी लाँड्रिंगचा खटलाही उभा राहत नाही, हेही स्पष्ट केले.

या सगळ्यात जप्त झालेले जाई सरकारजमा. ज्याचे गेले त्याची खरी दखल अलीकडची: मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असतानाही विशेष न्यायालय हक्कदाराला मालमत्ता परत करू शकते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०७ आणखी पुढे जाते. नोटिशीला उत्तर द्यायला १४ दिवस आणि न्यायालयाचा आदेश झाला की जिल्हाधिकाऱ्याने ६० दिवसांत पीडितांना वाटप करायचे. मला हे कलम मोलाचे वाटते, पण त्याची रचना पैशाच्या वाटपाची आहे. चिटफंडात बुडालेल्यांना ते साजेल. आजीचे घर गेलेल्या माणसाला हिश्शाची रक्कम नको असते, तेच घर हवे असते.

शिवाय गोव्यात मालक सहसा एकटा नसतो. करार करून वेगळे ठरवले नसेल तर गोव्याच्या पोर्तुगीजकालीन नागरी संहितेनुसार नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, म्हणजे प्रत्येक पिढीत अर्धा हिस्सा जोडीदाराचा आणि उरलेल्यात वारस. कित्येक कुटुंबांत आजोबांच्या मागे इन्व्हेंटरीच, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची न्यायालयीन प्रक्रियाच, झालेली नाही. बनावट कागदवाल्यांनी नेमकी हीच घरे हेरली आणि आता न्यायालयात हक्क सांगायचा तर सुरुवात त्याच राहून गेलेल्या इन्व्हेंटरीपासून करावी लागते.