लेकरांची पट्टी: मराठवाड्यातल्या समूहगानाची पार्श्वभूमी

शाळेत समूहगीत बसवायला घेतलं की पहिली अडचण पेटीपाशी येते. पेटीच्या पट्ट्यांना काळी एक, पांढरी एक अशी नावं असतात; ज्या पट्टीवर सा धरला ती गाण्याची पट्टी. सरांचा आवाज काळी एकला मोकळा लागतो, बाईंचा काळी पाचला. लेकरांचा कुठे लागतो हे कुणी विचारत नाही. सरांनी पेटी धरली तर गाणं काळी एकमध्ये, बाईंनी धरली तर काळी पाचमध्ये, आणि गॅदरिंगला मोबाईलवरचा ट्रॅक लावला तर तो ज्या पट्टीत असेल त्या पट्टीत. मग पन्नास पोरं गळ्याच्या शिरा ताणून ओरडतात आणि “आवाज दणदणीत होता” म्हणून शाबासकी मिळवतात.

हा दणदणीतपणा शाळेत जन्मलेला नाही. मराठवाड्यात एकत्र गाण्याची परंपरा उदंड आहे, पण तिचा मोठा भाग थोरांनी, तोही बहुतेक पुरुषांनी, उघड्यावर आणि लांबवर ऐकू जावं म्हणून घडवलेला. लेकरांना गाणी तिथूनच मिळाली आणि गाण्यांबरोबर थोरांची पट्टीही गळ्यात पडली. वृंद बसवणाऱ्याने कुठलं गाणं कुठून आलं एवढं ओळखलं, तरी काय निवडायचं आणि कुठल्या सुरात धरायचं याचा बराच उलगडा होतो.

ज्ञानेश्वरांचं आपेगाव, एकनाथांचं पैठण, नामदेवांचं नर्सी, जनाबाईचं गंगाखेड, गोरोबाकाकांचं तेर ही सगळी गावं मराठवाड्यातलीच. त्यामुळे इथल्या खेड्यातल्या पोराच्या कानावर पहिलं समूहगायन पडतं ते भजनाचं. वीणेकरी मध्ये, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग. गाणारा चरण म्हणतो, टाळकरी ध्रुपद, म्हणजे परतून येणारी ओळ, उचलतात. सगळे एकाच सुरात. वेगवेगळे आवाज एकमेकांवर रचायचे ही कल्पना इथे नाही. पट्टी मात्र चढी. काळी चार, काळी पाच ही वारकरी गवयांची नेहमीची पट्टी. काकड्याला आणि जागराला वर्षानुवर्षं घासलेले गळे ते, त्यांना ती शोभते. दहा वर्षांचं पोरगं त्यांच्यासारखं गायला जातं तेव्हा ते सूर उचलत नाही, जोर उचलतं.

तरीही मराठवाड्यातलं सगळ्यात मोठं बालगायन वारकऱ्यांकडेच आहे, आणि संगीत शिकवणारे त्याला गायनात धरत नाहीत याचं मला नवल वाटतं. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे इकडची कितीतरी पोरं शिकून आली. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगाव बालसंस्कार शिबिरं भरतात आणि लेकरं ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग पाठ म्हणतात. हरिपाठ लेकरांना का जमतो ते जरा जवळून बघा. चरण आखूड असतो, एका श्वासात संपतो. चाल चार-पाच सुरांत फिरते आणि तीच पुन्हा पुन्हा येते, म्हणून शब्द बदलले तरी सूर हुकत नाही. दोन रांगा आळीपाळीने म्हणतात, त्यामुळे एक रांग गात असताना दुसरीला श्वास आणि कान दोन्ही मिळतात. वर पायात पावली असल्यामुळे लय अंगात उतरते आणि मान-खांदे आखडत नाहीत. बालगायनाचं शिक्षण याहून फार वेगळं नसतं. वृंदाचे दोन भाग पाडा, एकाने गायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग अदलाबदल. फक्त पट्टी लेकरांची धरा आणि माईक बाजूला ठेवा.

एकनाथांचं भारूडही शाळेच्या कामाचं. त्यात सोंग आहे, संवाद आहे, गाणं बोलण्याच्या जवळ राहतं; पाचवी-सहावीच्या पोरांना ते खूप रमवतं. सोंगाच्या नादात किंचाळणं तेवढं रोखावं लागतं.

तुळजापूर आणि माहूर ही दोन्ही शक्तिपीठं इकडचीच, म्हणून गोंधळही घरचा. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी तो महाराष्ट्रभर पोचवला. गोंधळात मुख्य गोंधळी आख्यान लावतो आणि झीलकरी त्याच्या ओळीचं शेपूट धरून सूर पुढे ओढतो. शाहिरीतही झील असतेच. थोडक्यात, एकाने गायचं आणि दुसऱ्याने सूर धरून ठेवायचा ही दोन आवाजांची सोय आपल्याकडे आधीपासून आहे. तिच्याकडे पुन्हा यावं लागेल.

बायकांची गाणी या सगळ्यात वेगळी. जात्यावरची ओवी चार सुरांत बसते, हळू आवाजात म्हटली जाते आणि एकीने सोडली की दुसरी उचलते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या अभ्यासकांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या; त्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही आहेत. पहिली ते तिसरीच्या लेकरांना याहून सोयीचं गाणं मला तरी सापडलेलं नाही. पण ओवी मंचावर शोभत नाही असं मानलं गेलं आणि ती शाळेच्या यादीत आलीच नाही. स्पर्धेत टाळ्या मिळाव्यात म्हणून आपण सात वर्षांच्या पोरीला पोवाडा देतो, आणि तिच्या आजीची ओवी घरीच राहते.

आता शाळेकडे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण उर्दूतून, उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालचं. शाळेत म्हणायचं गाणं म्हणजे निजाम उस्मान अलीच्या सलामतीचं, राज्याचं गीत. सभाबंदीच्या गश्ती निशाण ५३ या परिपत्रकामुळे चार माणसं राजकारणासाठी उघडपणे जमणं अवघड होतं, म्हणून भजन, कीर्तन आणि गणपतीचे मेळे यांनाच माणसं जमवण्याचं मोल आलं. अशा काळात काय गायचं हा प्रश्न चवीचा राहत नाही. १९३८ साली तो पेटला. वसतिगृहात प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणायचं की नाही यावरून उस्मानिया विद्यापीठात आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात विद्यार्थी अडून बसले. गाणं बंद करत नाहीत म्हणून त्यांना काढून टाकण्यात आलं. पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला. हिप्परग्याच्या आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे नेते झाले.

याचा परिणाम आजही ऐकू येतो. मराठवाड्यात एका पिढीने समूहगान केलं ते बंदी मोडून. तिथे आवाज उंच आणि मोठा असणं हेच गाण्याचं काम होतं. हैदराबाद मुक्त झालं १७ सप्टेंबर १९४८ ला. तीच पिढी शिक्षक झाली आणि ‘छाती पुढे, आवाज खणखणीत’ ही शिकवण परिपाठात आली. त्या शिक्षकांना मी दोष देणार नाही. त्यांना गायनाचा वर्ग चालवायचा नव्हता, माणसं उभी करायची होती. पण सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनंतरही सहा वर्षांच्या लेकराला त्याच आवेशात उभं करायचं कारण उरलेलं नाही.

पुढच्या काळात गाण्यांची भर पडत गेली. राष्ट्र सेवा दल १९४१ चं. त्याची शिबिरांतली गाणी आणि साने गुरुजींची ‘खरा तो एकची धर्म’ ही प्रार्थना शाळांनी उचलली. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत त्रिसरण-पंचशील एकत्र म्हणण्याची रीत पडली. ही वंदना मोजक्या सुरांत, संथ, सगळ्यांनी एका श्वासाने म्हणायची. लेकरांना एकमेकांचा आवाज ऐकत म्हणायची सवय तिथे आपसूक लागते. भीमगीतं आणि जलसे मात्र पुन्हा मैदानी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची लढाई १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालली; त्या मोर्च्यांतली गाणी तर रस्त्यावरचीच. १९६७ मध्ये बालभारती आली आणि कवितांना चाली लावायचं काम वर्गशिक्षकांकडे गेलं. त्यातल्या कित्येक चाली साध्या, एका सप्तकाच्या आतल्या आणि फार चांगल्या आहेत. दुर्दैवाने त्या लिहून ठेवलेल्या नाहीत. शिक्षकाची बदली झाली की चालही जाते.

चार आवाजांत गाण्याची पाश्चात्त्य रीत मिशनबरोबर आली. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं होतं. पण मराठी चर्चमध्येही रेव्हरंड टिळकांची भजनंच जास्त रुजली, आणि चार आवाजांचा वृंद चर्चच्या बाहेर फारसा आला नाही.

विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यातून गाणं लिहून ठेवण्याची पद्धत आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांची शिडी तयार झाली. नांदेडला अण्णासाहेब गुंजकर आणि त्यांचे शिष्य पं. नाथराव नेरळकर यांनी या भागात शास्त्रीय गाण्याची घडी बसवली. शाळांना जे मोजके संगीत शिक्षक मिळाले ते अशा वर्गांतून आले. पण परीक्षा एकट्याने द्यायची असते. त्यामुळे आपला संगीत शिक्षक एक चांगलं पोरगं हेरून त्याला पुढे करतो; तीस सामान्य आवाजांचा मिळून एक आवाज कसा करायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

१९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत झालं आणि शाळाशाळांत वाजू लागलं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. खणखणीत पुरुषी आवाजासाठी केलेलं ते गाणं आहे. पहिलीच्या लेकरांनी ते ट्रॅकवर म्हणायचं तर ओरडण्याशिवाय दुसरं काही हाती लागत नाही. ट्रॅक बंद करून पेटीवर सोयीचा सूर दिला की तेच गाणं निम्म्या ताकदीत म्हणता येतं.

सोयीचा सूर काढायची युक्ती सोपी आहे. गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर आधी शोधा. लहान वर्गांना मधल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत, फार तर पांढरी दोनपर्यंत, आरामात गाता येतं; गाणं तेवढ्या जागेत बसवा. राष्ट्रगीत घ्या. त्याचा पल्ला मंद्र नीपासून तार सापर्यंत. ‘भाग्यविधाता’ला खालचा नी लागतो, ‘जय हे’ला वरचा सा. म्हणजे सा काळी एकवर धरला की दोन्ही टोकं सांभाळली जातात. मैदानावर सूर न देता सुरुवात होते तेव्हा कुणीतरी उत्साही पोरगं तीन-चार सूर वरून उचलतं आणि ‘जय हे’ला सगळी शाळा चिरकते. बावन्न सेकंदांच्या गाण्याआधी दोन सेकंद पेटीचा सा दिला तर हे टळतं. उलट एखादं गाणं मंद्र प ते मध्य प असं फिरत असेल तर सा पांढरी चार किंवा पाचवर न्यावा लागतो, नाहीतर खालची ओळ ऐकूच येत नाही. सर खालच्या सप्तकात गाऊन दाखवतात तेव्हा लेकरं त्या खर्जाची नक्कल करतात आणि आवाज घोगरा होतो. सरांनी गाऊन दाखवण्यापेक्षा वर्गातल्या एखाद्या मोकळ्या आवाजाच्या पोरीला ओळ म्हणायला लावावी.

गळा तापवतानाही खालून वर चढत जाण्यापेक्षा वरून खाली यावं: प म ग रे सा, ‘ऊ’कारात, हळू. वरचा हलका आवाज खाली आणला की जोर आपोआप कमी होतो. आधी दोन मिनिटं हुंकार किंवा ओठ फुरफुरवणं पुरे. खांदे वर जात असतील तर श्वास उथळ चाललाय असं समजावं.

राहता राहिला आवाज फुटण्याचा काळ. साधारण बारा ते पंधरा या वयात पोरांचं स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. पोरींचाही थोडा बदलतो, पण तो लक्षात येत नाही. दिंडीत अशा पोराच्या हाती टाळ किंवा मृदंग येतो आणि त्याचं काही अडत नाही. शाळेत मात्र त्याला मागच्या रांगेत उभं करून ‘नुसते ओठ हलव’ असं सांगतात, आणि तो पुढे कधी गात नाही. त्याला गोंधळातली झील द्यावी. सा पांढरी एकवर असेल तर आवाज फुटायला लागलेल्या पोराला मध्य सा आणि मंद्र प हे दोन सूर सहसा सापडतात. पूर्ण उतरला असेल तर सा एक सप्तक खाली, प मात्र तोच. बाकीची मुलं ओळ म्हणतील, हा गट ‘आ’कारात सा धरेल आणि ध्रुपदाला पवर येईल. आठवीच्या प्रत्येक तुकडीत अशी चार-पाच पोरं असतातच. त्यांच्यासाठी गाण्याची पट्टी खाली ओढू नये, नाहीतर पाचवीतल्यांचा आवाज बसतो. बदल त्यांच्या भागातच करावा, आणि दर दोन महिन्यांनी एकेकाला बोलावून त्याचा आवाज आता कुठवर उतरलाय हे पेटीवर पुन्हा तपासावं.