ट्यूनिंग नॉब हाताला चांगला लागावा म्हणून – आमच्या हॅम ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये रेडिओचे नॉब लेथवर टर्न करून मिळतात आणि ट्यूनिंगची मेकॅनिकल कामं होतात हे आता बऱ्याच हॅम मंडळींना (हौशी रेडिओवाल्यांना) माहीत झालंय, आणि फोनवर पहिली मागणी ठरलेली असते, "एक जड पितळी नॉब करून द्या, सेट लई भारी फिरला पाहिजे." नॉब आम्ही मनापासून करून देतो, पण ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा, कारण हाताला जे जाणवतं त्यातलं बरंचसं नॉबच्या मागे असतं, आणि काही जणांचं काम तर एक रुपया न घालवता होतं.

आधी फुकटचं करून बघा

मॅन्युअल काढा आणि डायलचा, म्हणजे मोठ्या ट्यूनिंग नॉबचा, घट्टपणा कुठे बदलतो ते शोधा. आयकॉम ७३०० या सेटला मोठ्या डायलच्या खालच्या बाजूला एक छोटी खिट्टी आहे, ती सरकवली की नॉब हलका-घट्ट होतो. काही सेटना त्या जागी स्क्रू असतो, तर याएसू कंपनीच्या काही सेटना नॉबच्या मागची कड धरून ठेवायची आणि नॉब फिरवायचा. ही सोय आपल्या सेटला आहे हेच लोकांना माहीत नसतं. घरी शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) हलका नॉब बरा वाटतो, पण गाडीत सेट लावून गगनबावड्याच्या रस्त्याला निघालात की घट्ट करा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला फ्रिक्वेन्सी सरकते.

मग स्टेप बघा, म्हणजे नॉब जरा फिरवला की फ्रिक्वेन्सी एका वेळी किती सरकते ते. "नॉब गुळगुळीत नाही, स्टेशनवरून उडी मारतो" अशी तक्रार येते आणि सेटिंगमध्ये स्टेप १०० हर्ट्झ निघते! एसएसबीला (बोलून संपर्क करायची पद्धत) १०० हर्ट्झ इकडे-तिकडे झालं तरी समोरच्याचा आवाज बदलतो, आणि सीडब्ल्यूला (मोर्स कोड) अरुंद फिल्टर लावून बसलात तर १० हर्ट्झ किंवा त्याहून बारीकच स्टेप पाहिजे. यावर नवा नॉब हे औषध नाही.

नॉबच्या मागे काय असतं

घरी बनवलेल्या सेटमध्ये, म्हणजे हैदराबादच्या अशहर फरहान (कॉलसाइन व्हीयू२ईएसई) यांच्या मायक्रोबिटएक्ससारख्या किटमध्ये किंवा आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरच्या व्हीएफओमध्ये (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग), बहुतेक वेळा साधा मेकॅनिकल एन्कोडर असतो, म्हणजे नॉब फिरला की इलेक्ट्रिक पल्स देणारा भाग. बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तो एका फेऱ्याला २० पल्सवाला, टिकटिक करणारा. आता हिशेब करा, एका टिकीला १० हर्ट्झ धरले तर पूर्ण फेऱ्याला २०० हर्ट्झ, आणि आपल्याकडचा ४० मीटर बँड ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ, म्हणजे या टोकापासून त्या टोकाला जायला १००० फेरे! म्हणून प्रोग्रॅममध्ये जोरात फिरवलं की स्टेप मोठी होते असं काहीतरी घातलेलं असतं, आणि त्यामुळे हाताचा अंदाज चुकतो, थोडं जास्त फिरवलं की भलतीकडेच. आमचं मत स्पष्ट आहे, असल्या एन्कोडरवर महागडा नॉब लावू नका. सीएनसी मशीनच्या हँडव्हीलवर असतो तसला १०० पल्सचा एन्कोडर घ्या, प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पल्सच्या चारही कडा (सिग्नल चढतो-उतरतो त्या जागा) मोजल्या तर फेऱ्याला ४०० स्टेप होतात, १० हर्ट्झने ४ किलोहर्ट्झ, बँड ५० फेऱ्यांत संपतो आणि एसएसबीचं स्टेशन नीट बसवता येतं. फक्त या हँडव्हीललाही टिकटिक असते, ती आतली स्प्रिंग काढून घालवावी लागते, ते आम्ही करून देतो. लहान एन्कोडरची टिकटिकसुद्धा आतली पत्र्याची स्प्रिंग जरा वाकवून बंद करता येते, पण पत्र्याचे कान सांभाळून उघडावे लागतात, दोन-तीनदा वाकवले की तुटतात.

फॅक्टरीच्या जुन्या सेटमध्ये मुख्य दुखणं ग्रीसचं. वर्षानुवर्षं वाळून ते चिकट होतं, मग काय होतं की नॉब सुरू करायला जोर लागतो आणि एकदा सुटला की पटकन पुढे जातो. दहा-वीस हर्ट्झ सरकवायचे असतात आणि पन्नास-साठ जातात. नॉब जड आहे की हलका यापेक्षा हा सुरुवातीचा अडका जास्त त्रास देतो, आणि आमच्या कामातला सगळ्यात जास्त वेळ याच्यातच जातो: शाफ्ट काढायचा, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धुवायचा, शाफ्टला ओरखडे असतील तर पॉलिश करायचं आणि डॅम्पिंग ग्रीस अगदी थोडं लावायचं. हे ग्रीस घट्ट असतं, हळू फिरवलं तर अडवत नाही आणि झटका दिला तर धरून ठेवतं, कॅमेऱ्याची जुनी लेन्स फिरवताना जसा मऊ जडपणा लागतो तसा. कृपया घरी डब्ल्यूडी ४० मारू नका. दोन दिवस छान वाटतं, पण उरलंसुरलं ग्रीस पातळ होऊन वाहून जातं आणि कधी एन्कोडरच्या आत उतरतं, मग काम दुप्पट.

पितळ की ॲल्युमिनियम

आता वजनाकडे. एक टिचकी मारली की नॉब फिरत राहतो, ती मजा फ्लायव्हीलची, म्हणजे एकदा फिरलं की आपल्या वजनाने फिरत राहणाऱ्या चाकाची. इंग्लंडच्या एडिस्टोन रिसीव्हरमध्ये गिअर ड्राइव्हला जड फ्लायव्हील लावलेलं असायचं, काही मॉडेलना १४०:१ रिडक्शन (नॉबचे १४० फेरे तेव्हा पुढच्या शाफ्टचा एक), तरी काटा डायलच्या या टोकाहून त्या टोकाला सरसर जायचा. ५० मिमी व्यासाचा आणि २० मिमी जाडीचा भरीव नॉब ॲल्युमिनियममध्ये साधारण १०५ ग्रॅम भरतो, तोच पितळेत ३३० च्या वर. पण नुसतं वजन बघू नका, व्यास जास्त काम करतो. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर फिरण्याचा जडपणा सोळापट होतो. म्हणून आम्ही बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा नॉब करून बाहेरच्या कडेला आतून पितळी रिंग दाबून बसवतो, वजन कमी राहतं आणि फ्लायव्हीलचा गुण बराचसा मिळतो.

आणि हे वजन पेलणार कोण? छोट्या एन्कोडरचा बुश ३०० ग्रॅमसाठी केलेलाच नाही, तो थोड्याच दिवसांत ढिला होतो आणि नॉब डुगडुगायला लागतो. जड नॉब पाहिजे असेल तर पॅनेलमागे ६२६ नंबरचं बेअरिंग (६ मिमी बोअर, म्हणजे मधलं भोक) घालून शाफ्ट वेगळा करायचा आणि एन्कोडर कपलिंगने (दोन शाफ्ट जोडणारा तुकडा) जोडायचा. सेटमध्ये मागे तेवढी जागा नसेल तर जड नॉब करायला आम्ही नाही म्हणतो, रागावू नका.

नॉबवर बोट घालायला खड्डा पाहिजे असतो बऱ्याच जणांना. तेवढा माल एका बाजूने गेला की नॉब असंतुलित होतो, आणि बेअरिंग मोकळं असेल तर हात काढल्यावर जड बाजू आपोआप खाली येते, फ्रिक्वेन्सी सरकते. म्हणून बरोबर विरुद्ध बाजूलाही नॉबच्या मागून तेवढाच माल काढून आम्ही बॅलन्स करतो. बोअर रीमरने (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) करतो आणि रन-आऊट, म्हणजे फिरताना नॉब किती डोलतो ते, डायल गेजवर बघूनच नॉब बाहेर देतो.

गँग कंडेन्सरवाले (पाती फिरवून ट्यून होणारे) जुने सेट असतील तर आधी बॅकलॅश, म्हणजे नॉब आणि कंडेन्सरमधली ढिलाई, तपासा: स्टेशन लावा, नॉब जरा पुढे नेऊन परत त्याच खुणेवर आणा, स्टेशन जागेवर नसेल तर स्प्रिंगवाला जोड-गिअर, बॉल ड्राइव्ह किंवा डायलची दोरी यातलं काहीतरी ढिलं आहे. दोरी बदलून मिळते.

ऑर्डर देताना शाफ्टचा व्यास व्हर्नियर कॅलिपरनेच मोजा, कारण ६ मिमी आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी डोळ्याला सारखेच दिसतात आणि पाव इंचाचा नॉब ६ मिमीवर लावून ग्रब स्क्रू (नॉब शाफ्टवर पकडणारा बिनडोक्याचा स्क्रू) आवळला की तो डोलतच फिरणार. शाफ्ट गोल आहे, एका बाजूने सपाट आहे की दातेरी, पॅनेलबाहेर किती येतो, आणि शेजारच्या बटणांपर्यंत मोकळी जागा किती, हे सांगा आणि समोरून एक फोटो पाठवा. नुसता नॉब पाहिजे असेल तर सेट पाठवायची गरज नाही. ग्रीसिंग किंवा एन्कोडरच्या कामाला सेट कुरिअरने पाठवणार असाल तर जुना नॉब काढून वेगळ्या पिशवीत घाला आणि शाफ्टभोवती थर्माकोलचा मोकळा खड्डा ठेवा, म्हणजे खोकं तोंडावर पडलं तरी मार शाफ्टवर येणार नाही.