नैराश्यावरील औषधाचा अंदाज देणारी मेंदूची चाचणी

नैराश्यावरचे औषध अमुक रुग्णाला लागू पडेल का, याचा अंदाज मेंदूच्या विद्युत आलेखावरून, म्हणजे ईईजीवरून, औषधापूर्वी किंवा पहिल्या आठवड्यातच बांधण्याची ही पद्धत अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. तिची गरज उघड आहे. औषधाचा गुण कळायला चार ते सहा आठवडे जातात आणि अमेरिकेतील ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने जवळपास एक-तृतीयांश रुग्णांचीच लक्षणे पूर्ण गेली. खानापूर किंवा निपाणीहून धारवाडच्या ‘डिमहान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेत जाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत औषध बदलणे म्हणजे आणखी एक खेप आणि बुडालेला रोज.

माणसाच्या मेंदूचा असा आलेख जर्मनीत हान्स बेर्गर यांनी 1924 मध्ये प्रथम घेतला. चाचणी दुखत नाही. मात्र केसांना तेल नको, त्यामुळे रोज खोबरेल चोपडणाऱ्या आजींना आदल्या दिवशी डोके धुवायला सांगावे लागते. लेप लावून चिकटवलेल्या वायरींतून डोळे मिटलेल्या अवस्थेत लहरी टिपल्या जातात. कपाळामागच्या भागातील थीटा लहरींचे (सेकंदाला 4 ते 8) एक माप औषध सुरू केल्यावर आठवडाभरात उतरले, तर पुढे गुण येण्याचा संभव अधिक, असे लॉस एंजेलिसच्या संशोधकांना आढळले. परंतु 2019 मध्ये अशा 76 शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला असता, अनुकूल निष्कर्षच अधिक छापले गेल्याच्या खुणा दिसल्या आणि रोजच्या उपचारात ही चाचणी वापरू नये असे मत आढावाकारांनी दिले.

शिवाय गुण आला की नाही हे ठरते ते हॅमिल्टन मापनश्रेणीसारख्या प्रश्नावलीवर; गुणांक निम्म्यावर आला तर औषध लागू पडले असे धरतात. लहरींना भाषा नसते, प्रश्नावलीला असते. मराठीत ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही’ असे सांगणाऱ्या बाईचे म्हणणे कन्नडभाषक डॉक्टरांपर्यंत सोबतच्या मुलाच्या तोंडून जाते, तेव्हा ते खिन्नतेत मोजायचे की कामातला रस गेल्यात, हे त्या मुलाच्या शब्दांवर ठरते.

सीमाभागात ईईजी म्हटले की आधी फिटच आठवते. ‘हिला फिट येते काय?’ असे नातेवाईक विचारतात. नैराश्याच्या रुग्णाला ती सांगितली जाते तीही बहुधा अपस्मार किंवा मेंदूचा दुसरा आजार नाही ना, एवढे पाहण्यासाठीच.