औषधांचा आतड्यांतील जीवाणूंवरील परिणाम : रेणवीय अभ्यास

औषध पोटात गेल्यावर आतड्यांतील जीवाणूंच्या वस्तीत काय फरक पडतो, हे त्या जीवाणूंच्या डीएनए-आरएनएवरून शोधण्याचा अभ्यास. बहुतेक आंत्रजीवाणूंना प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेच्या बशीत ते वाढवणे कटकटीचे असते. ते वाढवत बसण्यापेक्षा शौचाच्या नमुन्यातला त्यांचा डीएनए वाचणे सोपे पडते. प्रतिजैविके जीवाणू मारतात यात नवल नाही. या अभ्यासाला रंगत आली ती मधुमेह, आम्लपित्त, मनोविकार अशा जीवाणूंशी संबंध नसलेल्या दुखण्यांवरच्या गोळ्यांमुळे.

सर्वांत रुळलेली पद्धत १६एस रायबोसोमी आरएनएच्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचा एक घटक) जनुकावर उभी आहे. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये सजीवांची वंशावळ मांडताना याच रेणूचा आधार घेतला होता. हे सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक प्रत्येक जीवाणूत असते. त्याचे काही भाग सर्वांत जवळपास सारखे, तर नऊ भाग जातीगणिक बदलणारे. सारख्या भागांवर प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) बसवून पीसीआर या तंत्राने मधल्या बदलत्या भागाच्या असंख्य प्रती काढायच्या, त्याचा क्रम वाचायचा आणि माहितीसाठ्याशी ताडून ओळख पटवायची. त्याआधीची पायरी मात्र दिसते तितकी साधी नाही. जाड भिंतीचे जीवाणू सहजी फुटत नाहीत, म्हणून नमुना बारीक मण्यांसोबत जोरात घुसळतात. घुसळण कमी पडली तर ते जीवाणू निकालात कमीच दिसतात, आणि दोष औषधाच्या माथी जातो.

१६एस पद्धतीत ओळख बहुधा प्रजातीपर्यंतच (जीनस) पोहोचते, तिच्यातल्या नेमक्या जातीपर्यंत (स्पीशीज) क्वचित. नमुन्यातला सगळाच डीएनए तुकडे करून वाचणारी मेटाजीनोम पद्धत महाग, पण त्या जीवाणूंजवळ कोणती जनुके आहेत हेही ती सांगते. जनुके प्रत्यक्ष कामाला लागली आहेत का, हे पाहायला आरएनए लागतो. तो चटकन विरतो, म्हणून नमुना लगेच गोठवावा लागतो किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात ठेवावा लागतो.

या क्षेत्राने सर्वांत मोठा धडा घेतला तो मेटफॉर्मिनकडून. २०१२ मध्ये चीनमधल्या आणि २०१३ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहींच्या आंत्रजीवाणूंचे वेगळेपण दाखवले, पण दोघांच्या खुणा नीट जुळेनात. २०१५ मध्ये डेन्मार्क, स्वीडन व चीन येथील ७८४ नमुन्यांची माहिती एकत्र करून, गोळी घेणारे आणि न घेणारे रुग्ण वेगळे काढण्यात आले. तेव्हा मधुमेहाच्या म्हणून सांगितलेल्या बऱ्याच खुणा मेटफॉर्मिनच्या निघाल्या. एशेरिकिया हा जीवाणू वाढलेला, इंटेस्टिनिबॅक्टर हा घटलेला, हा ठसा गोळीचा होता. २०१७ मध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांना चार महिने मेटफॉर्मिन किंवा निव्वळ दिखाऊ गोळी देऊन याची खातरजमा झाली. औषध घेतलेल्यांचे आंत्रजीवाणू जंतुरहित उंदरांत सोडल्यावर त्यांची ग्लुकोज पचवण्याची क्षमताही सुधारली. रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो याची नोंद नसलेला आंत्रजीवाणूंचा अभ्यास तेव्हापासून जपूनच वाचावा लागतो.

ओमेप्राझोल वर्गातल्या आम्लरोधकांचे गणित त्यामानाने सरळ आहे. जठरातल्या आम्लाचा पहारा ढिला पडतो आणि तोंडातले जीवाणू जिवंत खाली उतरतात. २०१६ मध्ये ब्रिटन व नेदरलँड्समधील अभ्यासांत हेच दिसले.

२०१८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील युरोपीय रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेत नासोस टायपास, किरण पाटील आदींच्या गटांनी हजाराहून अधिक औषधे ४० आंत्रजीवाणूंवर तपासली. माणसाच्या पेशींवर काम करणाऱ्या औषधांपैकी २४ टक्क्यांनी किमान एका जीवाणूची वाढ रोखली. त्यांत मनोविकारांवरची औषधे ठळक होती. गंमत अशी की, हा प्रयोग रेणवीय नव्हताच. प्राणवायूविना जीवाणू वाढवून द्रावण किती गढूळ होते, एवढेच मोजले होते.

त्या जुन्या पद्धतीची गरज का उरते, हे क्रमवाचनाच्या एका उणिवेत दिसते. यंत्र प्रत्येक जीवाणूचा वाटा सांगते, संख्या नाही. पंगतीत दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास जण बसले आणि एका बाजूचे चाळीस उठून गेले, तर दुसऱ्या बाजूचा वाटा ५० वरून ८३ टक्क्यांवर जातो, तिथे नवा माणूस एकही आलेला नसताना. ‘औषधाने अमुक जीवाणू वाढला’ अशी कितीतरी विधाने या सापळ्यात सापडू शकतात. यावर उपाय म्हणून क्यूपीसीआरने (डीएनएचे प्रमाण मोजणारा पीसीआर) किंवा फ्लो सायटोमीटरने (पेशी एकेक करून मोजणारे यंत्र) एकूण संख्या वेगळी मोजतात. शिवाय मेलेल्या जीवाणूंचा डीएनएही वाचला जातो, ही आणखी एक भानगड.

परिणाम उलट दिशेनेही होतो. हृदयविकारावरचे डिगॉक्सिन हे औषध एगर्थेला लेंटा हा जीवाणू निकामी करतो, पण या जातीचे सर्व वाण (उपप्रकार) तसे करत नाहीत. २०१३ मध्ये आरएनए-वाचनातून त्याला जबाबदार जनुके सापडली. ती ज्या वाणात असतात तोच डिगॉक्सिन निकामी करतो, त्यामुळे नुसते जीवाणूचे नाव कळून भागत नाही.

भारतीयांबाबत पंचाईत वेगळी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यांत प्रीव्होटेला व मेगास्फेरा या जीवाणूंचे प्राबल्य दाखवले. औषधांच्या परिणामांचे गाजलेले मानवी अभ्यास मात्र बहुतांशी युरोप, अमेरिका व चीनमधल्या नमुन्यांवर झाले आहेत. मेटफॉर्मिनचा तिथला ठसा इथल्या प्रीव्होटेलाबहुल आतड्यात तसाच उमटतो, असे गृहीत धरता येत नाही.