पार्श्वभूमी: संदेशांच्या नोडला ब्लॉकचेनची किल्ली कशाला?

वाकू हे मध्यवर्ती सर्व्हरशिवाय संदेश पोहोचवणारं जाळं. त्याचा नोड, म्हणजे जाळ्यातला एक संगणक, उभा करायला बसलं की मांडणीची फाइल सुरुवातीलाच तीन गोष्टी मागते: इथेरियम आरपीसीचा (ब्लॉकचेनला प्रश्न विचारायच्या सेवेचा) पत्ता, चाचणी-चेनवरच्या (सरावासाठीच्या ब्लॉकचेनवरच्या) खात्याची खाजगी किल्ली आणि कीस्टोअरचा (किल्ल्या ठेवायच्या कुलूपबंद फाइलचा) पासवर्ड. पाठवायचे आहेत संदेश, पैसे नव्हे. मग हा खटाटोप का? उत्तर स्पॅम रोखण्याच्या एका जुन्या, फसलेल्या उपायात आहे.

वाकूचा पूर्वज व्हिस्पर. इथेरियमच्या सुरुवातीच्या आराखड्यात गणनेसाठी चेन, साठवणीसाठी स्वॉर्म आणि गप्पांसाठी व्हिस्पर अशी वाटणी होती. कोण कोणाशी बोलतं हे कळू नये म्हणून प्रत्येक लिफाफा (कुलूपबंद संदेश) सगळ्यांकडे जायचा. ज्याच्याकडे किल्ली, त्याला तो उघडायचा. बाकीचे फक्त पुढे ढकलायचे. अशा जाळ्यात एकाने कचरा ओतला की तो सगळ्यांच्या दारात. म्हणून प्रूफ-ऑफ-वर्कची अट आली, म्हणजे पाठवण्याआधी संगणकाने मेहनत केल्याचा पुरावा. लिफाफ्याचा हॅश (त्यावरून काढलेला ठशासारखा आकडा) पुन्हापुन्हा काढत बसायचं. हॅशच्या सुरुवातीला जितके शून्य बिट, दोनचा तितका घात घ्यायचा आणि त्याला लिफाफ्याचा बाइटमधला आकार गुणिले सेकंदांतलं आयुष्य यांनी भागायचं. इथेरियमच्या गो भाषेतल्या प्रमुख क्लायंटमध्ये (गेथ या प्रोग्रॅममध्ये) या भागाकाराची किमान मर्यादा ०.२ होती.

कागदावर हे न्याय्य दिसतं. गणित करून पाहिलं की गोची कळते. ४०० बाइटचा लिफाफा ५० सेकंद जगवायचा तर १२ शून्य बिट पुरतात, म्हणजे सरासरी ४,०९६ हॅश. एवढ्याने साध्या लॅपटॉपलाही घाम फुटत नाही, स्पॅमरचं तर सोडाच. तोच लिफाफा २४ तास जगवायचा म्हटलं की २३ बिट, सुमारे ८४ लाख हॅश. आता फोनची बॅटरी तापते, पण ग्राफिक्स कार्डवाल्याला काहीच वाटत नाही. मर्यादा वाढवली तर आधी फोनवाला मरतो, उतरवली तर दार सताड उघडं. मर्यादा नीट लावली असती तर हा उपाय चालला असता, असं म्हणणारे अजून भेटतात. पण वरच्या दोन आकड्यांच्या मध्ये ती नीट मर्यादा नेमकी कुठे बसते, हे कोणी दाखवत नाही.

२०२० मध्ये गेथमधून व्हिस्परच काढून टाकण्यात आला. तोवर वाकूची पहिली आवृत्ती निघाली होती. दुसरी लिबपीटूपी (नोडना थेट जोडणारी लायब्ररी) आणि गॉसिपसब (तिच्यातली संदेश पसरवण्याची पद्धत) यांवर बेतली: सरसकट पूर आणण्याऐवजी दर विषयासाठी साधारण सहा शेजाऱ्यांची जाळी.

स्पॅमवर नवा उपाय आरएलएन (रेट लिमिटिंग नलिफायर), म्हणजे ओळख न सांगता संदेशांच्या संख्येवर लगाम. चेनवरच्या स्मार्ट करारात (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सदस्य म्हणून नोंद करायची. इथेच ती खाजगी किल्ली लागते. नोंदी मर्कल वृक्षात बसतात: सगळ्या नोंदींचे हॅश जोडत जोडत शेवटी एकच हॅश उरतो, तो रूट. प्रत्येक संदेशासोबत शून्य-ज्ञान पुरावा जातो: मी सदस्य आहे, कोटा ओलांडलेला नाही, पण मी कोण ते सांगणार नाही. मूळ कल्पनेत एका कालखंडात एकच संदेश. प्रत्येक संदेशातून किल्लीने ठरलेल्या रेषेवरचा एक बिंदू बाहेर पडतो. दुसरा टाकला की त्याच रेषेवरचे दोन बिंदू उघड होतात आणि त्यावरून गुप्त किल्ली काढता येते. पुढे कोटा आला. दहा मिनिटांत १०० संदेश ही नेहमीची मांडणी.

मात्र पुरावा तपासायला वृक्षाचा ताजा रूट लागतो आणि तो चेनवर असतो. म्हणजे स्वतः एकही संदेश न पाठवता फक्त इतरांचे पुढे ढकलणाऱ्या रिले नोडलाही आरपीसी हवंच. स्वतःचा इथेरियम नोड चालवणारे थोडे. बाकीचे कुठल्यातरी कंपनीचा फुकट कोटा वापरतात. ‘विकेंद्रित’ हा शब्द इथे जरा चाचरतोच. फुकट कोटा संपला की रूट शिळा होतो आणि नोड चांगले संदेशही अवैध ठरवू लागतो. शेजाऱ्यांची संख्या मात्र ठणठणीत दिसते, म्हणून दोष सापडायला वेळ लागतो.

बाकीची दुखणी साधी आहेत. सोर्सवरून बांधताना आधी निमचा (वाकूचा नोड ज्या भाषेत लिहिला आहे तिचा) कंपायलरच बांधला जातो. रॅम २ जीबीपेक्षा कमी असेल तर स्वॅप (डिस्कवरची जादा स्मृती) लावा, नाहीतर बांधणी अर्ध्यात मरते. डॉकर कंपोजच्या तयार संचात (आधीच बांधलेले प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या डब्यांत चालवण्याच्या मांडणीत) हा त्रास नाही. तिथे आधी नोंदणीची स्क्रिप्ट चालवायची, मग कंटेनर. फायरवॉलमध्ये ३०३०४ टीसीपी उघडतात आणि इतर नोडच्या शोधासाठी लागणारा ९००५ यूडीपी विसरतात. भारतातल्या बऱ्याच घरगुती जोडण्या सामायिक आयपीमागे असतात. तिथे पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी आत येत नाही, त्यामुळे भाड्याचा सर्व्हर बरा. घड्याळ २० सेकंदांहून जास्त भरकटलं की तुमचे संदेश इतर नोड फेकून देतात, म्हणून एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे का ते आधी बघा. स्टोअर (जुने संदेश जपून ठेवण्याची सोय) चालू असेल तर त्यामागच्या पोस्टग्रेस डेटाबेसला साठवणीची मर्यादा घाला. डिस्क भरली की तोच आधी बंद पडतो.

देखरेखीसाठी ३००० पोर्टवर ग्राफाना (आलेख दाखवणारा फलक) असतो. एकूण शेजारी पाहून समाधान मानू नका, आत येणाऱ्या जोडण्या वेगळ्या बघा: तासन्‌तास शून्य म्हणजे बाहेरून पोहोचता येत नाही. त्याशेजारी अवैध संदेशांचा आलेख ठेवा. तो अचानक चढला तर शेजाऱ्यांवर संशय घेण्याआधी आरपीसीचा लॉग उघडा. ८६४५ पोर्टवरचा रेस्ट इंटरफेस (नोडला हुकूम देण्याचं दार) लोकलहोस्टपुरताच, म्हणजे त्याच संगणकापुरता ठेवा. नोडचा कारभार त्यातूनच चालतो.