डिजिटल की ऑफसेट? काम छपाईला देण्याआधी एवढं वाचा

"हजार हँडबिलं काढायची आहेत. डिजिटल परवडेल की ऑफसेट?" आमच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. आमच्याकडे दोन्ही मशिनं आहेत, त्यामुळे तुम्हाला एकीकडेच ओढण्यात आमचा काही फायदा नाही. पण नुसत्या प्रतींच्या आकड्यावरून उत्तर देता येत नाही. एका प्लेटवरून किती कागद निघणार, हे पाहावं लागतं.

ऑफसेटला दर रंगाची वेगळी ॲल्युमिनियमची प्लेट लागते. रंगीत कामाला अशा चार: सायन म्हणजे निळा, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा. प्लेटा चढवायच्या, शाई-पाण्याचा मेळ जमवायचा, चारही रंग एकमेकांवर नेमके बसवायचे, आणि तोवर काही कागद वेस्टेजमध्ये जाणारच. हा खर्च दहा कागदांना जेवढा, तेवढाच दहा हजारांना. त्यापुढे मात्र प्रत्येक कागद थोड्या पैशांत निघतो. डिजिटलला प्लेटच नाही, फाइल थेट मशिनला जाते. पहिल्या कागदाला जो दर, तोच पाचशेव्याला.

हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू. प्रत्यक्ष दर कागदाच्या भावाप्रमाणे बदलतात. समजा, ऑफसेटचा सुरुवातीचा खर्च 3,000 रुपये आणि पुढे कागदासह दर शीटला 4 रुपये. डिजिटलला दर शीटला 14 रुपये. मग 300 शीटला दोन्हीकडे सारखेच 4,200 रुपये होतात. आता 12 बाय 18 इंचांच्या शीटवर ए-5 मापाची चार हँडबिलं बसतात. म्हणजे हजार हँडबिलांना 250 शीट पुरतात: डिजिटल 3,500, ऑफसेट 4,000. पाच हजार हँडबिलांना 1,250 शीट लागतात: डिजिटल 17,500, ऑफसेट 8,000. प्रती मोजल्या तर हजार हा आकडा मोठा वाटतो. शीट मोजल्यावर तो डिजिटलच्या बाजूला पडतो.

पुस्तकाचं गणित याहून वेगळं आहे आणि कवितासंग्रह स्वखर्चाने काढणाऱ्यांनी ते नीट समजून घ्यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. डेमी आकाराचं, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, 96 पृष्ठांचं पुस्तक धरा. 18 बाय 23 इंचांच्या शीटच्या एका बाजूला आठ पृष्ठं बसतात, म्हणजे नुसत्या काळ्या मजकुराला बारा प्लेटा. शंभर प्रती काढल्या तर दर प्लेटवरून जेमतेम शंभर कागद निघतील. हे काम डिजिटललाच द्या. पन्नास-शंभर प्रती काढा, वाचकांच्या हाती जाऊ द्या, संपल्या की पुन्हा काढू. घरात गठ्ठे पडून राहायला नकोत. हजार प्रतींची खात्री असेल तर ऑफसेट.

काही कामांत पैशांचा प्रश्नच दुय्यम असतो. दशक्रियेची पत्रिका उद्या सकाळी हवी असते, ती डिजिटलवर. प्रमाणपत्रावर प्रत्येकाचं नाव वेगळं असेल, तर नावं डिजिटलवरच घालावी लागतात. संख्या मोठी असेल तर चौकट आणि बोधचिन्ह ऑफसेटवर छापून ठेवून नावं नंतर घालता येतात. लेटरहेड मात्र ऑफसेटवरच करून घ्या. डिजिटलचा टोनर, म्हणजे शाईची पूड, उष्णतेने कागदावर बसतो. तुमच्या ऑफिसच्या लेझर प्रिंटरमधून तो कागद पुन्हा गेला की टोनर मऊ होऊन पसरू शकतो.

मंडळाच्या अहवालावरचा झगझगीत भगवा हा नेहमीचा विषय. पडद्यावर दिसतो तसा तो चार रंगांच्या मिश्रणातून येत नाही, थोडा मंद पडतो. ऑफसेटला पाचवा रंग म्हणून तयार केलेली वेगळी शाई लावता येते. खर्च वाढतो, पण मुखपृष्ठ भगव्यावरच उभं असेल तर तो करावा. जाड कार्डावर गडद रंग डिजिटलने भरला आणि घडी तिथूनच जात असेल, तर घडीवर रंग तडकतो. अशा कामाला आधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणं, हवंच.

ऑफसेटची शाई वाळायला वेळ लागतो, पावसाळ्यात जास्तच. लगेच कटिंग केलं तर एका कागदाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. म्हणून ऑफसेटच्या कामाला एखादा दिवस हाताशी ठेवा. गणपती आणि लग्नसराईच्या आधी दोन ठेवा.

फाइल पीडीएफमध्ये आणि फॉन्टसह द्या. मराठी मजकुरात रफार आणि जोडाक्षरं दुसऱ्या संगणकावर हमखास विस्कटतात. कडेपर्यंत रंग जात असेल तर चारही बाजूंना 3 मिलिमीटर जादा ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते बारीक होऊन येतात. तारीख, वेळ, पत्ता हा मजकूर निव्वळ काळ्या रंगात असू द्या. ऐनवेळी तारीख बदलली तर चारऐवजी काळ्याची एकच प्लेट पुन्हा काढावी लागते. आणि प्रूफ कागदावर, घरच्या आणखी एका माणसाला दाखवून, नावांची अक्षरं आणि फोन नंबर बोट ठेवून वाचा. त्यावर तुमची सही झाल्याशिवाय आम्ही प्लेट काढत नाही.