दुकान बंद, पाटी चालू

आईच्या शिलाई मशीनचं शटल झिजलं होतं. मशीन जुनं, ते बनवणं कंपनीने कधीच थांबवलेलं, म्हणून शटल कुठे मिळेल ते इंटरनेटवर शोधत होतो. पुण्याच्या एका पेठेतल्या दुकानाची वेबसाइट सापडली. मशीनची चित्रं, पत्ता, उघडण्याच्या वेळा आणि ठळक अक्षरांत ‘आमची कोठेही शाखा नाही’. तळाशी चालू वर्ष. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो, तर त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, “काका जाऊन सात वर्षं झाली. मुलगा बंगळूरला असतो.”

घरी येऊन ते पान पुन्हा उघडलं आणि या वेळी नीट पाहिलं. फोन नंबर सात आकडी होता. पुण्यातले लँडलाइन नंबर आठ आकडी होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. मग तळाचं चालू वर्ष कुठून आलं? पानात दोन ओळींचा एक छोटा प्रोग्राम होता. पान उघडणाऱ्याच्या संगणकाला तो तारीख विचारतो आणि तेच वर्ष छापतो. म्हणजे ते वर्ष माझंच होतं, दुकानाचं नव्हे. पान पाठवताना बरेच सर्व्हर, म्हणजे वेबसाइटच्या फाइली ठेवणारे संगणक, एक तारीखही सोबत पाठवतात: ही फाइल शेवटची कधी बदलली. ब्राउझरच्या ‘पेज इन्फो’सारख्या सोयीत ती दिसते. इथे ती होती २००३.

माणूस गेला, गाळा दुसऱ्याकडे गेला, तरी वेबसाइट कशी राहते? वेबसाइट ही एक वस्तू नसून दोन वेगवेगळे भाडेकरार आहेत. पहिला नावाचा. ‘अमुक डॉट कॉम’ हे नाव कोणी कायमचं विकत घेत नाही, ते वर्षांच्या बोलीवर मिळतं आणि डॉट कॉमसाठी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरता येतात. दुसरा करार जागेचा, म्हणजे फाइली जिथे ठेवल्या आहेत त्या सर्व्हरचा. एकच सर्व्हर शेकडो दुकानांच्या फाइली सांभाळू शकतो. ब्राउझर मागणी करताना नाव सांगतो आणि सर्व्हर त्या नावाचा कप्पा उघडून देतो. त्या गर्दीत एक कप्पा वर्षानुवर्षं कोणी हलवला नाही, तरी यंत्राला फरक पडत नाही. साध्या एचटीएमएल फाइलला, म्हणजे पानाचा मजकूर लिहिलेल्या फाइलला, स्वतःचं घड्याळ नसतं. मागितली की ती जाते, तेवढंच तिचं काम.

नावाची नोंदणी कधी झाली आणि कधी संपणार हे कोणालाही पाहता येतं. मी पाहिलं. त्या दुकानाची मुदत २०२७मध्ये संपते. काकांनी बहुधा २०१७ साली एकदम दहा वर्षांचे पैसे भरले असावेत.

जुनी पानं दिसत राहतात यामागे ब्राउझर बनवणाऱ्यांचा एक जुना दंडकही आहे: वेबवर आधीपासून असलेलं काही मोडू द्यायचं नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी बनवलेल्या पहिल्या वेबसाइटचं पान आजच्या मोबाइलवर व्यवस्थित उघडतं. आडव्या सरकणाऱ्या मजकुराची ‘मार्की’ ही खूण अधिकृतरीत्या कालबाह्य ठरून बरीच वर्षं झाली, तरी क्रोममध्ये ती अजून सरकते. तीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी वाचायला यंत्र शोधावं लागतं, आणि त्याच काळातलं वेबपान मात्र एका बोटावर उघडतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

ब्राउझरबाहेरच्या जोडसामानावर जे उभं होतं, ते मात्र गेलं. नाचणारी चित्रं आणि बटणं दाखवणाऱ्या फ्लॅशचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. त्यावर बांधलेली दुकानं आता कोरी चौकट दाखवतात.

आणि दुसरी पडझड आपल्या भाषेची. त्या साइटवर ‘मराठी’ असं एक बटण होतं. दाबलं, तर इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावरच्या टोप्या आणि चिन्हं यांचा ढीग. जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण घरोघरच्या संगणकांवर ती नीट दिसू लागायला पुढची दहाएक वर्षं गेली. तोवर मराठी लिहायचं ते ‘शिवाजी’सारखे फॉन्ट वापरून. या फॉन्टमध्ये ‘ए’ किंवा ‘बी’च्या खणात देवनागरीचा एखादा तुकडा बसवलेला असे, कुठे अर्धा श, कुठे नुसता काना. फाइलमध्ये साठायची ती इंग्रजी अक्षरंच. तो फॉन्ट डोळ्यांवर चढवला तरच मराठी दिसायची. वाचकाकडे फॉन्ट नसेल तर काय, म्हणून काही साइट पानासोबतच तो पाठवत. त्याची एक पद्धत फक्त इंटरनेट एक्स्प्लोररला कळायची, आणि मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर जून २०२२मध्ये निवृत्त केला. आता फाइल शाबूत, प्रत्येक अक्षर जागेवर, पण वाचता येत नाही. सर्च इंजिनलाही ते मराठी आहे हे कळत नाही, त्यामुळे शोधूनही ते सापडत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत वेबवर आलेली बरीच मराठी अशी स्वतःच्याच घरात कुलूपबंद पडली आहे. पण हे कुलूप उघडतं. कोणत्या खणात कोणता तुकडा होता याचे तक्ते लोकांनी बनवले आहेत आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात.

इथवर पडून राहिलेली वेबसाइट निरुपद्रवी आहे. फार तर एखाद्याची खेप फुकट जाते. खरा धोका ती जिथे अर्धवट मरते तिथे सुरू होतो. वर्डप्रेससारख्या यंत्रणेवर चालणारी साइट म्हणजे नुसती फाइल नव्हे, तो सतत चालणारा प्रोग्राम असतो. त्यात भोकं सापडत राहतात आणि ती बुजवणारं कोणी उरलेलं नसतं. मग कोणीतरी आत शिरून जुगाराच्या जाहिरातींची पानं टाकून ठेवतं. काही वेळा ती पानं फक्त सर्च इंजिनला दाखवली जातात, माणसाला जुनंच पान दिसतं.

नावाची मुदत संपते, ती वेळ सर्वांत नाजूक. डॉट कॉमचं नाव संपल्या दिवशी हातातून जात नाही. आधी नोंदणी कंपनी सहसा काही दिवस वाढीव मुदत देते, मग ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवस ते गोठलेलं असतं आणि मग मोकळं होतं. मोकळी होणारी नावं टिपण्यासाठी प्रोग्राम टपलेले असतात. चांगलं नाव काही सेकंदांतही जातं. घेणाऱ्याला त्यासोबत त्या नावाची पत मिळते. इतरांनी दिलेल्या लिंका, लोकांनी वहीत लिहून ठेवलेला पत्ता, सगळं त्याच्याकडे वळतं. बंद पडलेल्या शाळेच्या नावावर कॅसिनोचा मजकूर चालवायचा, अशा प्रकारांवर गुगलने मार्च २०२४मध्ये स्वतंत्र नियमच केला.

नावासोबत पत्रव्यवहारही जातो, आणि हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ऑस्ट्रेलियात २०१८मध्ये एका सुरक्षा संशोधकाने वकिलांच्या कंपन्यांची सोडून दिलेली नावं पुन्हा नोंदवली आणि ईमेलची पेटी उघडून ठेवली. अशिलांची गोपनीय पत्रं त्यात येऊ लागली. बँक, सरकारी खातं, समाजमाध्यमं, कुठेही ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं की दुवा ईमेलवर येतो. ज्याच्याकडे नाव, त्याच्याकडे किल्ली.

मोठ्यांकडूनही हे घडतं. ‘डॉट मोबी’ने संपणारी नावं सांभाळणाऱ्यांनी आपला चौकशी सर्व्हर, म्हणजे कोणतं नाव कोणाचं हे सांगणारा संगणक, दुसऱ्या नावावर हलवला आणि जुनं नाव संपू दिलं. वॉचटॉवर या कंपनीच्या संशोधकांनी २०२४मध्ये ते २० डॉलरला घेतलं. काही दिवसांतच १ लाख ३५ हजारांहून अधिक यंत्रणा त्या जुन्या पत्त्यावर चौकशी करत आल्या. हेतू वाईट असता, तर त्यांना हवं ते उत्तर देता आलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दुकान बंद करताना गुमास्ता परवाना आणि वीज मीटर यांच्या यादीत वेबसाइटही लिहावी. पहिल्या पानावर ‘आम्ही अमुक तारखेला व्यवसाय बंद केला’ एवढी ओळ टाकावी. जी आतली पानं काढायचीच असतील, त्यांच्यासाठी सर्व्हरकडे ‘४१०’ हा संकेत आहे. ‘४०४’ म्हणजे सापडलं नाही, ‘४१०’ म्हणजे होतं आणि आता कायमचं गेलं. बँकेत आणि इतरत्र दिलेला जुना ईमेल बदलावा, आणि तो बदलून झाल्यावरही नाव काही वर्षं आपल्याकडेच ठेवावं. त्याचा वर्षाचा खर्च घरच्यांच्या हॉटेलातल्या एका जेवणाच्या बिलाएवढा असतो.

सगळंच पुसून मात्र टाकू नये. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४च्या पाहणीत २०१३मधल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. उरतं त्याची किंमत कधी कळेल सांगता येत नाही. नोंदवलं गेलेलं पहिलं डॉट कॉम नाव सिम्बॉलिक्सचं, १५ मार्च १९८५चं. ती संगणक कंपनी पुढे लयाला गेली. २००९मध्ये नाव विकलं गेलं, पण घेणाऱ्याने ते इतिहास म्हणून जपलं. हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. बाकीच्यांसाठी इंटरनेट अर्काइव्हची वेबॅक मशीन आहे. पत्ता दिला की ती पानाची प्रत ठेवून घेते.

काकांच्या दुकानाची सगळी पानं मी तिथे जमा केली. मग ‘मराठी’ बटणामागचा ढीग उचलून फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनात टाकला. तिसऱ्या प्रयत्नात योग्य फॉन्ट लागला आणि एक लांब तक्ता उलगडला: कोणत्या मशीनला कोणतं शटल, कोणती बॉबिन केस, सुईचा नंबर, पट्ट्याची लांबी. आईचं मशीन अकराव्या ओळीत होतं, समोर शटलचा क्रमांक. तो कागदावर उतरवून रविवार पेठेत नेला आणि शटल मिळालं. तक्त्याच्या शेवटी लिहिलं होतं: ‘मशीन सोबत आणावे, बसवून देऊ. सोमवारी दुकान बंद.’